पहिल्या हाकेला ओ

सावरपाड्याच्या फाट्यावर एसटीनं चंदनाला उतरवलं, कंडक्टरनं घंटी मारली आणि ती लाल गाडी चार हात पुढं जाते न जाते तोच धुक्यात दिसेनाशी झाली. नुसता इंजिनाचा आवाज राहिला, मग तोही गेला. श्रावण सरत आलेला. मोखाड्याच्या पुढं या दिवसांत भर दुपारी आपलाच हात लांब केला तर बोटं दिसतील की नाही याची खात्री नसते. चंदना काही धुक्याला बुजणारी नव्हती. ती इथल्याच, शेजारच्या वांगणी गावची पोर, आणि वर्षभर इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होती. तिनं ओढणी कमरेला बांधली, छत्री उघडली आणि चालू लागली.

तेवढ्यात मागनं आवाज आला. टक्… टक् टक्…

तिनं वळून पाहिलं आणि तिच्या छातीत धस्स झालं. धुक्यातून एक माणूस येत होता आणि त्याला पुष्कळ डोकी होती. पिवळी, गोल, तकतकीत डोकी. तो पाऊल टाकी तशी ती एकमेकांवर आपटत. चंदनाच्या तोंडून गावदेवीचं नाव निघायला आणि त्या प्रकरणानं तोंड उघडायला एकच गाठ पडली.

"ओ ताई, शाळा अजून किती लांब आहे?"

आता भुताला शाळेचा पत्ता कशाला हवा? ती थांबली. जवळ आल्यावर दिसलं की गडी चांगला धडधाकट आहे, खांद्यावर बांबू आहे आणि बांबूला दोन्हीकडं बांधकामावरची हेल्मेटं लटकवलेली आहेत. पावसानं पापण्या भिजलेल्या, आणि त्या भिजल्या पापण्यांआडून तो हसत होता.

"किती डोकी आहेत तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाज अजून थरथरत होता, पण तो तिनं रागाखाली झाकला.

"एकच आहे. तेही फारसं चालत नाही," तो म्हणाला. "बाकीची मुलांसाठी आणलीत."

तर हा हरेश. ठाण्यात वाढलेला, वायरमनचं शिकलेला, काही वर्षं बांधकामांवर राबलेला. नववी-दहावीच्या मुलांना कामाधंद्याची आणि सुरक्षिततेची तयारी करून द्यायला एका संस्थेनं त्याला वर्षभरासाठी पाठवला होता. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं, आणि तेही मोठ्यानं. त्या पांढऱ्या मुक्या रानात त्याचा आवाज घणघणत होता. मग त्यानं तिचं नाव विचारलं.

"शाळेत पोचल्यावर सांगते," चंदना म्हणाली.

"का? इथं कोण ऐकतंय?"

उजव्या हाताला दरी होती. तिनं तिकडं एकदा बघितलं आणि पाय उचलला. तो मागं हसत राहिला. हसू दे, तिनं मनात म्हटलं, नवीन आहे. पण त्याचं ते भिजलेलं हसू तिला शाळा येईपर्यंत पाठीवर जाणवत होतं, हेही खरं.

शाळेत त्याला नाव कळलं. पण तेव्हापासून तो तिला मॅडमच म्हणायचा. चंदना मॅडमसुद्धा नाही, नुसतं मॅडम. बाकी सगळ्यांना अरे-तुरे करणारा, शिपाई देवजीच्या पाठीवर थाप मारून चहा मागणारा हा माणूस चंदनासमोर आला की कॉलर नीट करी. देवजीला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. तो चहाचे पेले त्या दोघांच्या मधोमध ठेवायचा आणि खोकत निघून जायचा.

आणि वर्ग तरी कसला! दिवाळी झाली की इथली अर्धी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर, नाहीतर बांधकामावर जातात. पोरंही जातात. म्हणून हरेश त्यांना पुस्तकातलं कमी आणि उद्याचं जास्त शिकवायचा. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही. शॉक लागलेल्याला हातानं ओढायचं नाही, सुक्या लाकडानं बाजूला करायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. मजुरी आधी बोलून घ्यायची. नव्या जागी गेलं की आधी दवाखाना कुठं आणि आपल्या गावची माणसं कुठं ते विचारून ठेवायचं. चंदना प्रथमोपचार शिकवी. ग्रामसभेत उठून कसं बोलायचं हेही तिनं पोरांकडून घोकून घेतलं होतं. चिमी नावाची नववीतली शेंबडी पोर सरपंच झाल्यागत बोलायची आणि वर्ग हसून लोळायचा.

पण हरेशचा खरा जीव होता तो हजेरीत. तो तिला 'गणती' म्हणायचा. कामावर काही पडलं, कोसळलं, धूर झाला की सगळ्यांनी एका जागी यायचं, मुकादमानं नावं घ्यायची, ज्याचं नाव येईल त्यानं लगेच ओ द्यायची. ठाण्याला एका कामावर माती खचली होती, तेव्हा कुणी नावंच घेतली नाहीत. त्याचा जोडीदार आत राहिलाय हे संध्याकाळी डबे उरले तेव्हा कळलं. हे त्यानं मुलांना सांगितलं नव्हतं. चंदनाला सांगितलं, खिडकीबाहेर बघत. आणि सोबत दुसरा नियमही सांगितला: खाली अडकलेल्यानं ओरडत सुटायचं नाही. दम राखायचा. एकच हाक द्यायची, आणि मग कान देऊन ओ येते का ते ऐकायचं.

चंदनाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं गिळलं.

कारण या डोंगरात उलटी रीत आहे. धुक्यात किंवा दिवेलागणीला कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. चकवा एकदाच हाक मारतो, तीही ओळखीच्या आवाजात. माणूस असेल तर पुन्हा मारील. ओ दिली की नाव त्याचं झालं, मग तो नेईल तिकडं पाय जातात. वांगणीचा तुका असाच गेला. बायकोनं हाक मारली म्हणून उठला, आणि बायको तर चुलीपाशी बसलेली. सकाळी कड्याच्या टोकाला त्याच्या चपला होत्या, जोडीनं काढून ठेवलेल्या. चंदनानं लहानपणी त्या चपला पाहिल्या होत्या. पण विज्ञानाच्या बाईनं ठाण्याच्या माणसाला हे सांगायचं कोणत्या तोंडानं? तो पुन्हा तसाच हसला असता. तिला लाज वाटली, आणि ती गप्प राहिली.

शाळेच्या पटांगणात उन्हाची तिरीप असताना गणती झकास व्हायची. पोरं खणखणीत ओ द्यायची. एकदाच काय ते विचित्र झालं. हरेशनं सगळी नावं संपवली, वही मिटली, आणि मागच्या माळावरून एक ओ आली. सावकाश, लांबवलेली. हरेश म्हणाला, प्रतिध्वनी आहे. पोरं आपसूक एकमेकांजवळ सरकली. चंदनानं सगळ्यांना आत घेतलं आणि खिडक्या लावल्या.

हळूहळू असं झालं, की त्याच्या पावलांचा आवाज तिला व्हरांड्यातूनच ओळखू यायला लागला. त्यानं टेस्टर मागावा, तिनं नेमका तोच हातात द्यावा. तिनं केसात तेरड्याचं फूल खोवावं, त्यानं ते पाहावं, आणि दोघांनी पाऊस किती पडला यावर बोलावं. एका संध्याकाळी तो व्हरांड्यातला बोर्ड दुरुस्त करत होता आणि चंदना बॅटरी धरून उभी होती. उजेडात फक्त त्याचे हात दिसत होते. त्यानं स्क्रू फिरवता फिरवता, तिच्याकडं न बघता, बोईसरच्या एका कारखान्यातून कायमची नोकरी आल्याचं सांगितलं. दसऱ्याच्या आत कळवायचं होतं.

"तुम्ही… म्हणजे मॅडम, तुम्ही म्हणालात… तर मी नाही जात," तो म्हणाला.

बॅटरीचा उजेड त्याच्या हातांवरून सरकून भिंतीवर गेला. चंदनाला हो म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं. पण तिनं नुसता उजेड पुन्हा बोर्डावर आणला. तिच्या घरी पहिल्या शब्दाला हो म्हणत नाहीत. मागणी घालणारा येतो, त्याला चहा देतात, तो जातो. तो पुन्हा येतो तेव्हा खरा. तिची आई गोजाबाई आजही सांगते की चंदनाच्या बापानं किती हेलपाटे घातले. चंदनानं वाट पाहिली, तो पुन्हा विचारील म्हणून. आणि हरेश? त्यानं एकदा हाक दिली होती आणि कान देऊन बसला होता. ओ आली नाही, तेव्हा त्यानं बोर्डाचं झाकण लावलं, बॅटरी तिच्या हातातून हळूच घेतली आणि थँक्यू मॅडम म्हणून निघून गेला. दोघंही आपापल्या रीतीला जागली, आणि दोघांचीही झोप उडाली. पुढं त्यानं तो विषय काढला नाही. दसरा जवळ येत होता आणि चंदना दिवस मोजत होती. हा माणूस आता जाणार, आणि आपल्यामुळं जाणार.

भाद्रपद संपता संपता हरेशनं मोठी कसरत ठरवली. शाळेमागच्या माळावर कामाचा देखावा करायचा, पोरांनी जोडीजोडीनं पांगायचं, शिट्टी झाली की धूर झाला असं समजून खुणेच्या झाडाशी जमायचं, मग गणती. माळाच्या डाव्या अंगाला जुनी दगडखाण होती, कुण्या ठेकेदारानं अर्धी खणून उघडी टाकलेली. उजव्या अंगाला दरी. दोन्हीकडं त्यानं दोऱ्या बांधून लाल चिंध्या लावल्या. दुपार स्वच्छ होती. शिट्टी चंदनाकडं होती. पण रविना नावाच्या पोरीचा पाय मुरगळला म्हणून चंदना तिला घेऊन शाळेत आली, पट्टी बांधली, आणि बाहेर येऊन बघते तर माळ नाही. धुकं दरीतून वर चढून आलं होतं आणि त्यानं सगळा माळ पोटात घेतला होता.

ती धावतच वर गेली. खुणेचं झाड सापडलं, आणि झाडाखाली पोरं. सगळी होती, जोड्या धरून, डोक्यावर पिवळी हेल्मेटं, आणि तोंडातून चकार शब्द नाही. नव्हता तो हरेश.

दहावीतल्या लक्ष्यानं कुजबुजत सांगितलं काय झालं ते. धुकं आलं तशी पोरं शिकवल्याप्रमाणं झाडाशी जमली. सर आले, नावं घ्यायला लागले. एकेकाचं नाव एकदाच, यादीत असतं तसं. धुक्यात कोण ओ देणार? पोरं दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. सरांना वाटलं, इथं कुणीच नाही. त्यांचा आवाज फुटला. ते पोरांच्या इतक्या जवळून धावत गेले की पंकजच्या हाताला त्यांचा सदरा लागला. तोंड पांढरंफटक झालं होतं, आणि ते पोरांची नावं घेत कुठंतरी पळत गेले. मग काही आवाज नाही.

ही चूक पोरांची नव्हती आणि त्याचीही नव्हती. एक वाक्य तिनं वेळेवर बोलायला हवं होतं, लाज सोडून.

तिनं शिट्टी फुंकली, छाती फुटेस्तोवर. मग सगळे ऐकत राहिले. धुक्यात पाणी टपकत होतं. आणि डाव्या बाजूनं, कुठून तरी खालून, दबलेली हाक आली.

"मॅडम…"

एकदाच. पुढं काही नाही. पोरं अंगाला अंग लावून उभी राहिली. चिमीनं चंदनाचा हात घट्ट पकडला.

"बाई, ओ नका देऊ," ती म्हणाली. "एकच झाली."

चंदनानं ओठ घट्ट मिटले. अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणापासून हाडात मुरलेली रीत. शाळा शिकलं, पदवी घेतली म्हणून ती जात नाही. पुन्हा हाक मार, ती मनात विनवू लागली, एकदा पुन्हा मार रे. आणि हाक आली. पण ती उजवीकडून आली, दरीच्या अंगानं.

"चंदना…"

आवाज त्याचाच. तोच खर्ज, तीच शेवटच्या अक्षरावरची किंचित ओढ. पण किती गोड… किती जवळून. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं आपलं नाव त्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं, ते अगदी असंच. तिला एकदम रडू आलं. तिचं पाऊल उजवीकडं पडलंसुद्धा.

"चंदना… ये ना."

रीत काय म्हणते? पुन्हा मारली म्हणजे माणूस. पहिली हाक एकदाच आली ती चकव्याची, ही दुसऱ्यांदा आली ती खरी. गाव म्हणालं असतं, जा. पण चंदना थबकली. पाय मोडून पडला तरी मॅडम म्हणेल असा तो माणूस. बोर्ड दुरुस्त करताना, काळीज हातात घेऊन विचारतानासुद्धा त्यानं मॅडम सोडलं नव्हतं. ज्याला एवढं धैर्य उजेडात झालं नाही, तो धुक्यात चंदना म्हणून लाडानं बोलावील? आणि कड्याच्या टोकाशी उभं राहून? म्हणजे खाणीत पडलेला खरा आहे, आणि तो शिकवल्याप्रमाणं दम राखून कान देऊन बसला आहे, आणि आपण त्याला दुसऱ्यांदा ओ देत नाही आहोत.

"ओ!" ती डावीकडं तोंड करून ओरडली. "आले! तिथंच थांबा!"

पोरांच्या अंगातून शहारा गेला. आता दरीकडचा आवाज वर आला, झाडाच्या अगदी मागं. नुसतं नाव घेत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थोडा जास्त दुखावल्यासारखा. म्हणे चकवा एकदाच हाक मारतो. असेल, पूर्वी मारत असेल. पण महिनाभर हजेरी चालली होती ती त्याच्याच माळाशेजारी, आणि धुक्यात एका हाकेला इथं कुणी ओ देत नाही हे आज त्यानं ऐकलंच होतं. एवढ्यात कुणीही शिकलं असतं. पुढं पोरांना विचारलं तर पंकज म्हणे त्यानं दोन ऐकल्या, लक्ष्या म्हणे एकच, ती खाणीतली. चिमी काहीच सांगत नाही, विषय काढला की उठून जाते.

चंदनानं मागं पाहिलं नाही. तिनं झाडाशी ठेवलेला कसरतीचा दोर काढला, सगळ्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की आता मी नाव घेईन, आणि पहिल्याच हाकेला ओ द्यायची.

"तो ऐकल ना, बाई," लक्ष्या म्हणाला.

"ऐकू दे. आपण सगळे आहोत हे पण त्याला ऐकू दे."

तिनं पहिलं नाव घेतलं. क्षणभर काहीच नाही. मग चिमीची बारीक, रडवेली ओ आली. मग लक्ष्याची. मग पंकजची, मग सगळ्यांची, दर ओ आधीपेक्षा मोठी. अशी ती पोरांची रांग धुक्यातून डावीकडं सरकू लागली, नावं घेत, ओ देत. कुणाचा पाय घसरला तर दोर ताणे आणि पुढचा थांबे. मागचा आवाज काही वेळ त्यांच्या सोबतीनं चालला. चंदनाला तो मानेवर जाणवत होता, पण ती नावं घेत राहिली आणि मग तो कधी मागं पडला ते तिला कळलं नाही.

लाल चिंध्यांची दोरी तुटलेली होती. खाली खाणीत गुडघ्याच्या वर गढूळ पाणी, आणि त्यात हरेश दगडाला टेकून बसलेला, एक पाय वाकडा. त्यानं आधी तिच्या मागची हेल्मेटं बघितली, ओठ हलवत मोजली, आणि सगळी भरली तेव्हा लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

पुढचं सगळं पोरांनी केलं. कुणी काठाजवळ धावलं नाही. पंकजनं दोर झाडाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. लक्ष्या जोडीदाराला घेऊन देवजीला बोलवायला पळाला. चिमीनं दोन बांबू आणि पोती मागवून डोली बांधली, आणि ग्रामसभेतल्या आवाजात सगळ्यांना हुकूम सोडले. देवजी गावची माणसं घेऊन आला तेव्हा त्याला फक्त ओढायचं काम उरलं होतं. हरेश वर आला, चिखलानं माखलेला. चंदनानं त्याचा पाय फळीला बांधला. तिचे हात थरथरत नव्हते. ते नंतर थरथरले, जव्हारला जाणाऱ्या जीपमध्ये, त्याचं डोकं मांडीवर घेतल्यावर.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या दवाखान्यात पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि तो उशाला टेकून बसला होता. खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं, या दिवसांत क्वचित पडतं तसं. चंदना नागलीची भाकर घेऊन आली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं. रीत, तुका, चपला, आणि आपण का बोललो नाही ते. तो हसला नाही. मग तिनं विचारलं की खाणीतून किती हाका मारल्या.

"एकच," तो म्हणाला. "मॅडम म्हणून. मग ऐकत बसलो."

"आणि… चंदना म्हणून?"

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो चादरीच्या काठाशी चाळा करू लागला. तोंडानं नाही, तो शेवटी म्हणाला. तोंडानं कधीच नाही, हिंमत नव्हती. पण मनात रोज. खाणीत पडल्यावर, पाणी चढतंय असं वाटलं तेव्हा तर मनात दुसरं काही चाललंच नव्हतं. चंदना, ये ना. एवढंच.

भर उन्हात चंदनाचे तळवे गार पडले. म्हणजे ती हाक खोटी नव्हती. त्याच्या मनातलीच होती, कुणीतरी तिथून उचलली होती आणि दरीच्या काठावर नेऊन ठेवली होती. मग तिनं खुर्ची जवळ ओढली.

"बोर्ड लावताना तुम्ही मला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "त्याला माझी ओ आहे. बोईसरला जाऊ नका."

तो तिच्याकडं बघतच राहिला. डोळे भरून आले त्याचे. त्यानं तिचा हात धरला, पहिल्यांदाच, आणि तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं. तिनं चटकन त्याच्या ओठांवर बोटं ठेवली.

"ते नको. ते आता त्याला ठाऊक झालंय."

"मग काय म्हणू?"

"मॅडमच म्हणा," चंदना म्हणाली आणि हसता हसता रडली. "मला कळतं ना त्यातलं."

मागणी घालायला हरेश कुबडी घेऊन वांगणीला गेला. गोजाबाईनं रीतीप्रमाणं त्याला नुसता कोरा चहा पाजून परत पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लग्न माघात झालं आणि दोघं सावरपाड्यालाच राहिली. वर्ग चालू आहे. गणतीची रीत मात्र त्यांनी दोघांनी बसून बदलली. आता धुक्यात, धुरात, अनोळखी गावात नावानं हाक मारायची नाही. प्रत्येक जोडीनं आपसात एक शब्द ठरवायचा, तो कुणाला सांगायचा नाही, मोठ्यानं सराव करायचा नाही, आणि तो ऐकला की दुसऱ्या हाकेची वाट बघायची नाही. भट्टीवर, बांधकामावर, भिवंडीच्या गोदामात गेलेली पोरं तो शब्द घेऊन जातात. गेल्या वर्षी लक्ष्या नि पंकज दोघंही कामावरून धड परत आले, तेव्हा लक्ष्याची आई शाळेत येऊन चंदनाच्या पाया पडायला लागली.

गावात हरेशची थट्टा होते. बायकोला कुणी मॅडम म्हणतं का? स्वयंपाकघरातून मॅडम, शेताच्या बांधावरून मॅडम. देवजी म्हणतो, मास्तर बायकोला टरकून आहे. म्हणोत बापडे. तो मॅडम म्हणतो आणि ती हातातलं काम टाकून पहिल्याच हाकेला ओ देते.

आणि एखाद्या दिवशी धुकं माळावरून उतरून अंगणापर्यंत येतं. तेव्हा बाहेरून, तेरड्याच्या रानातून, कुणीतरी फार मायेनं चंदना म्हणतं. आवाज त्याचाच असतो. ती ओ देत नाही. खिडकी लावते, कडी घालते, आणि हरेश घरातच आहे ना, हे एकदा वळून बघून घेते.